सायलेन्सरची रबरं, खारा वारा आणि मृगाआधीचं जळकं ऑईल

कातळावरचा | १० मे

मंडळी, धागा काढायला कारण एक 'ठक्'.

गाडी दहा वर्षं जुनी, पेट्रोल. रोजचं काम पावस ते रत्नागिरी आणि परत, मधे पोराला शाळेत सोडायचं दीड किलोमीटर. दिवाळीपासून स्पीडब्रेकर उतरताना मागून डाव्या अंगाला 'ठक्'. एकदाच. सपाट रस्त्याला शांत. कुणी सोबत बसलं की नेमका गप्प, एकटा असलो की हजर. त्यामुळे मला भास होतात यावर घरात एकमत झालं होतं.

गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही) एक फेरी मारली आणि म्हणाला, मागचे शॉकअप गेले. बदलले. साडेसहा हजार. आवाज तसाच. मग म्हणाला, ॲक्सलचे बुश. तेही बदलले. आवाज तसाच, वर आता इंजिन बंद करतानाही खालून 'धड' व्हायला लागलं.

परवा रविवारी सकाळी चप्पल शोधायला गाडीखाली वाकलो. कुत्र्याने नेली होती. चप्पल मिळाली नाही, पण सहज मागच्या डब्याला हाताने ढकललं आणि तोच 'ठक्'! सायलेन्सरचा डबा हलून वरच्या हीट शील्डच्या (आच अडवणाऱ्या) पत्र्यावर आपटत होता. तो ज्या रबरांवर टांगलेला असतो त्यातल्या डाव्या रबराचं खालचं भोक गोल राहिलेलंच नाही, सुईच्या नेढ्यासारखं लांबट झालंय. नवीन रबर दुकानात विचारलं. एकशे चाळीस रुपये.

साडेसहा हजारांचं दुःख बाजूला ठेवतो. विचारायचं ते असं: रबरं एकूण चार दिसतात, चारही बदलू की खराब दिसतंय तेवढंच? घरी जमण्यासारखं काम आहे का? आणि मुळात ही गेली कशाने? तीन वर्षांपूर्वीच बदलली होती.

पाव्हणा मुंबईकर | १० मे

रबर-बिबर कशाला? गणपतीला येताना संगमेश्वरच्या पुढे माझा सायलेन्सर रस्त्याला टेकला. टपरीवाल्याने बाइंडिंगची तार गुंडाळून दिली, पन्नास रुपये घेतले. दोन वर्षं झाली, तीच तार आहे. ना ठक् ना धड.

निवृत्त मेस्त्री | १० मे

मुंबईकर साहेब, तार घरी पोचेपर्यंत. दोन वर्षं नाही.

सायलेन्सर मुद्दाम रबरावर टांगतात, त्याला कारणं दोन. पहिलं, इंजिन स्वतः रबरी माउंटिंगवर डुलतं. चालू करताना, बंद करताना, रिव्हर्स टाकताना हिसका देतं, आणि त्याला जोडलेला पाइप सोबत हलतो. दुसरं, पाइप तापला की लांब होतो. पुढून मागे तीन मीटर पोलाद धरा, सरासरी तीनशे अंशांनी तापलं तर लांबी जवळजवळ एक सेंटिमीटर वाढते. ही वाढ जायची कुठे? रबर ती पोटात घेतं. तार घेत नाही. मग ताण पुढे जातो, जाळीच्या लवचीक फ्लेक्स पाइपवर आणि इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या जोडावर. तिथे तडा गेला की तुमच्या पन्नास रुपयांचे किती हजार झाले ते मोजा.

आणि 'ना ठक् ना धड' म्हणता, पण ऐंशीच्या वेगाला केबिनमध्ये भुंग्यासारखी घुमी येते का हो? खरं सांगा.

कातळावरचा, तुमचा गॅरेजवाला चुकला तो क्रमात. मागून आवाज आला की आधी फुकटची तपासणी, मग पैशाची. थंड सायलेन्सर हाताने हलवून बघायला एक मिनिट लागतं. इंजिन बंद होताना 'धड' ही तर रबराची सहीच. गाडी उभी असताना शॉकअप कसा बोलेल?

पाव्हणा मुंबईकर | १० मे

घुमी येते. मला वाटलं टायर.

सुरंगी | ११ मे

माझं कारण वेगळं आहे, पण इथल्या गाड्यांना लागू पडेल म्हणून लिहिते. मी दाभोळ–धोपावे फेरीने आठवड्यातून तीनदा गाडी नेते. भरतीला काही नाही. पण चांगली ओहोटी असली की बोटीची फळी आणि जेटीचा उतार यांच्यात असा कोन होतो की मागचं पोट घासतंच. चार माणसं बसलेली असली तर नक्की. तो 'खर्रर्र' ऐकला की बोटीवरचे पोरगे माझ्याकडे बघतात, जणू मीच फळी वाकडी लावली.

हे घासणं प्रत्येक वेळी डब्याला मागे ढकलतं आणि रबरं ओढली जातात. माझी दोन रबरं दीड वर्षात तुटली. चिरून नाही, सरळ फाटून. तेव्हापासून ओहोटीला माणसं खाली उतरवते, चालत बोटीत या म्हणते. पाहुण्यांना राग येतो. येऊ दे.

टेलपाइपचं तोंड बंपरच्या खाचेत मधोमध आहे का तेही बघा. एका बाजूला सरकलं असेल तर वाकून बघायचीही गरज नाही.

लोट्याचा रसायनी | ११ मे

कातळावरचा, एक प्रश्न. रबर कडक होऊन चिरलंय की फुगून लिबलिबीत झालंय? जुनं रबर काढलंत तर नखाने दाबून सांगा. उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कातळावरचा | ११ मे

आता अंधारात टॉर्च घेऊन बघितलं. चिरा जवळजवळ नाहीत. दाबलं तर नख आत जातं. बोटाला काळं लागतं, ते निघता निघत नाही. आणि वास ओळखीचा आहे, पण कशाचा ते आठवत नाही.

लोट्याचा रसायनी | ११ मे

मी आठवून देतो. दर वर्षी मृगाआधी गाडीच्या खालून जळकं ऑईल, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं, मारता का?

कातळावरचा | ११ मे

मारतो. बाबा जीपला मारायचे तेव्हापासून. डिझेल घालून पातळ करायचं आणि फवारणीच्या पंपाने सगळीकडे. पंप आंब्याचाच, जुना. यंदाचं ऑईल भरून कॅन पडवीत ठेवलाय.

वास त्याचाच आहे!

लोट्याचा रसायनी | १२ मे

मग चोर सापडला. जरा सविस्तर लिहितो, सुट्टी आहे.

सायलेन्सरची रबरं साधारणपणे ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. कॅटकॉनच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) जवळ, जिथे आच जास्त, तिथे काही गाड्यांत सिलिकॉनची. ईपीडीएम निवडतात ते उष्णता, ऊन, हवेतला ओझोन आणि पाणी या चारही गोष्टी ते फार चांगलं सोसतं म्हणून. साधं नैसर्गिक रबर तिथे लावलं तर कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं. म्हणूनच टायरचा तुकडा कापून लावलेले जुगाड टिकत नाहीत.

पण ईपीडीएमचा एक वैरी आहे, खनिज तेल. ऑईल, डिझेल, रॉकेल, ग्रीस, काहीही. दोघांची जात रासायनिकदृष्ट्या सारखी, हायड्रोकार्बन. त्यामुळे तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि ताकद जाते. पाण्याचं तसं नाही, पाणी आत शिरतच नाही. दारांच्या कडेची रबरी पट्टीही बहुधा याच जातीची असते. तिलाही तेल लावू नये.

मजा अशी की ऑईल सील किंवा पेट्रोलच्या नळीच्या आत जे नायट्राइल रबर असतं त्याचं अगदी उलटं. ते तेलात आनंदाने राहतं, पण उन्हात आणि उष्णतेत चिरतं. प्रत्येक रबराचं एक माहेर असतं. तुम्ही ईपीडीएमला दर मे महिन्यात सासरी धाडताय.

म्हणजे खारा वारा पत्रा खातो म्हणून तुम्ही ऑईल मारता, आणि ते ऑईल रबर खातं. वर त्यात डिझेल, म्हणजे पातळ आणि आत लवकर मुरणारं.

कुडाळी गजाली | १२ मे

रे बाबा, मगे जळका ऑईल मारूचा नाय तर काय मारूचा? आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून मारतत. पत्रो कुजान गेलो तर तुजा रबर घेवन काय पूजा करूची? रबर दीडशे रुपयाचा, पत्रो पंधरा हजाराचो.

लोट्याचा रसायनी | १२ मे

गजाली, मुद्दा मान्य. पत्रा वाचवायलाच हवा. मी फक्त एवढंच म्हणतो की रबर आणि सायलेन्सर सोडून मारा. शिवाय जळकं ऑईल पहिल्या चार मोठ्या सरींत धुऊन विहिरीच्या पाणलोटात जातं, आणि त्यात इंजिनातलं आम्ल आणि धातूचा कीस असतो. आपल्या जांभ्यात पाणी किती पटकन मुरतं ते तुम्हाला सांगायला नको.

निवृत्त मेस्त्री | १२ मे

चाळीस वर्षं मी स्वतः गाड्यांना जळकं ऑईल मारून दिलंय. रसायनी साहेबांचं वाचून दुपारी जेवण गेलं नाही. किती वेळा गिऱ्हाइकाला म्हटलं असेन, 'कंपनीच्या रबरात दम राहिला नाही हो'.

बरं, पर्याय. मेणाच्या जातीचा गंजरोधक फवारा मिळतो, तो बंद पोकळ्यांत आणि सांध्यांत. चाकांच्या कमानीत डांबरी किंवा रबरी कोटिंग. दोन्ही मारताना सायलेन्सर, हीट शील्ड, ब्रेक आणि ही रबरं जुन्या वर्तमानपत्राने झाकायची. सायलेन्सरवर कोटिंग उडालं तर पुढचे आठ दिवस सिग्नलला उभे राहिलात की गाडीखालून धूर, आणि लोक काच ठोकून सांगतात.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र गोडं पाणी. पुळणीवर गाडी घातलीत, मुळात घालू नका, पण घातलीत तर त्याच संध्याकाळी खालून नळीने धुवायची. मीठ कोरडं झालं की हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्रा आठवडाभर ओलाच राहतो.

पाव्हणा मुंबईकर | १२ मे

माझा सायलेन्सर स्टेनलेसचा आहे असं शोरूमने सांगितलं होतं. तरी तांबडा पडलाय. फसवणूक?

निवृत्त मेस्त्री | १२ मे

नाही. स्टेनलेस म्हणजे घरातलं ताट नव्हे. सायलेन्सरला बहुतेक वेळा ४०९ जातीचं वापरतात. त्यात क्रोमियम अकरा टक्क्यांच्या आसपास, ताटात अठरा. लोहचुंबक चिकटवून बघा, चिकटेल. वरवर तांबडं पडतं पण आरपार जायला वेळ लागतो. खरा गंज आतून असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. पाइप पुरता तापला तर बाहेर पडतं. कातळावरच्यांसारखं दीड किलोमीटरवर शाळेत सोडून परत आलं की ते मागच्या डब्यातच साचतं. काही डब्यांना तळाला बारीक भोक ठेवलेलं असतं ते त्यासाठीच. गळतंय म्हणून एम-सील लावून ते बुजवणारे मी पाहिलेत.

वाशिष्ठीकाठची | १३ मे

भोकाचा विषय निघाला म्हणून. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी चिपळुणात छपरापर्यंत पाण्याखाली होती. इंजिन, सीट, वायरिंग, सगळं उघडून साफ केलं. सायलेन्सर कुणाच्या डोक्यात आला नाही. पाच-सहा महिन्यांनी मागची दोन्ही रबरं एकाच आठवड्यात तुटली. डबा काढला तर उचलेना. आत वाळलेला गाळ, वीट होते तसा. रबराचा काही दोष नव्हता, बिचारी दुप्पट ओझं वाहत होती. पुरातून निघालेली गाडी घेणाऱ्यांनी डबा बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज यायला हवा.

कातळावरचा | १४ मे

सगळ्यांचे आभार. चार रबरं आणलीत. येत्या रविवारी स्वतः करणार. जॅक गाडीसोबत आलेला, कात्रीसारखा, स्क्रूचा. आधाराला घराच्या कामातले उरलेले जांभ्याचे चिरे आहेत, ते दोन-दोन रचतो. मेस्त्री, पद्धत सांगाल का?

निवृत्त मेस्त्री | १४ मे

चिरे नको.

हे आधी वाचा, बाकी नंतर. चिरा भिंतीत दाबाखाली उत्तम. पण गाडीचा भार एका कडेवर, एका बिंदूवर येतो. आपला चिरा भोकांचा, कुठला कधी दुभंगेल त्याला सूचना नाही, आणि ओला असेल तर आणखी कच्चा. असा एक प्रसंग डोळ्यांनी बघितलाय. माणूस वाचला, पाय राहिला नाही पूर्वीसारखा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखालीही जायचं नाही. गॅरेजमधून दोन घोडे मागून आणा. जॅक स्टँड म्हणा हवं तर. कुणीही देतं एका दिवसासाठी.

आता पद्धत.

रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी. कॅटकॉन तर बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतो. (याच कारणाने लांबून आलेली गाडी खळ्यात पेंढ्यावर किंवा वाळल्या गवतावर लावू नये.) जागा सिमेंटची, सपाट. गाडी पहिल्या गिअरमध्ये. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडणी, कारण मागची चाकं उचललीत की हँडब्रेक नावापुरता, तो मागच्याच चाकांना असतो. जॅक पत्र्याला दिलेल्या खाचेतच लावायचा, घोडे मजबूत भागाखाली, मग गाडी हाताने हलवून बघायची. डुलली तर पुन्हा रचा.

खाली गेलात की आधी काढू नका, बघा. पुढून मागे प्रत्येक टांगणी. सळई बॉडीला जिथे वेल्ड केलीय तिथे गंज किती. हीट शील्डचे नट आहेत का. निम्म्या आवाजांचा धनी हाच पत्रा असतो. पाइप कुठे घासून चकाकतोय का, तो आपटण्याचा ठसा. जोडांजवळ काळी काजळी म्हणजे तिथे गळती. गळती असेल तर रबर नंतर, ती आधी. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि मागचं दार उघडं टाकून माडाच्या झावळ्या वाहणाऱ्यांच्या केबिनमध्ये तो सहज शिरतो.

मग डब्याखाली दुसरा छोटा जॅक किंवा लाकडी ओंडके, वर फळी. वजन त्याच्यावर अलगद घ्या, वर ढकलू नका. एका वेळी एकच रबर. चारही सोडून डबा लोंबू दिलात तर पुढे फ्लेक्स पाइप वाकतो आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर ताणली जाते.

रबर निघत नाही, कारण सळईच्या टोकाला अळंब्यासारखं डोकं असतं. टोकावरचा गंज पॉलिश पेपरने घासा, साबणाचं पाणी सोडा, आणि वॉटर पंप प्लायरने एका बाजूने ढकला. जुनं टाकायचंच आहे, नाही निघालं तर हॅक्सॉ ब्लेडने कापा. नवीन चढवतानाही साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे. ग्रीस नाही, ऑईल नाही, आणि ती गंज सोडवायची फवारणीही नाही. आता कारण तुम्हाला माहीत आहे.

चारही बदला. एक नवीन आणि तीन थकलेली असली की नवीन एकटंच सगळं ओढतं. शेतातही असंच होतं.

घेताना जुनं-नवीन शेजारी धरून भोकांच्या मध्यांतलं अंतर स्केलने मोजा. दिसायला सारखी, पण गाडीगाडीला अंतर आणि कडकपणा वेगळा. काहींवर बाणाची खूण असते, ती जुन्याला होती त्याच दिशेला.

कुडाळी गजाली | १४ मे

मेस्त्रीनू, ह्या सगळा एका फटक्यात लिवलास? पान खावन इलास काय?

कातळावरचा | १८ मे

झालं. अहवाल देतो.

घोडे मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजमधून आणले, मालकाने पैसे घेतले नाहीत, 'नीट परत आण, आणि तूही नीट परत ये' म्हणाला. सकाळी सातला सुरुवात. पहिलं रबर काढायला पन्नास मिनिटं, शेवटचं चार मिनिटांत.

मागचं डावं: जुन्याच्या दोन भोकांत मध्यापासून मध्यापर्यंत ४६ मिमी, नवीन ३८. आठ मिमी डबा खाली आला होता आणि तिरकाही, म्हणून उजवा कोपरा वर होऊन शील्डला लागत होता. म्हणजे आवाज डावीकडून आणि आपटणं उजवीकडे. गॅरेजवाल्याला आता निम्मं माफ केलं.

पुढची दोन रबरं तुलनेने बरी निघाली. तिथे पंपाचा फवारा पोचत नसावा, मधे क्रॉसमेंबर, म्हणजे गाडीखालची आडवी तुळई, येते. रसायनींच्या म्हणण्याला हा मला सगळ्यात मोठा पुरावा वाटला. आच पुढे जास्त, तरी रबर पुढचं शाबूत.

एक अडचण आली. मागच्या उजव्या सळईचं टोक पॉलिश पेपरने घासताना गंजाच्या पापुद्र्यांसकट डोक्याचा अर्धा भागच हातात आला. रबर बसलं, पण अडवायला डोकं नाही, सरकून बाहेर येईल. तूर्त सळईच्या टोकाला नळीची क्लिप आवळून ठेवलीय. वेल्डिंग करून घेऊ का?

निवृत्त मेस्त्री | १८ मे

क्लिप महिनाभर चालेल, रोज नजर ठेवा. वेल्डिंग गाडीवर असताना नको, पेट्रोलची टाकी वीतभरावर आहे. सायलेन्सरचा मागचा भाग खोलून बाकावर घेऊन करायचं. आणि गाडीवर कुठेही वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायला लावा, नाहीतर कंट्रोल युनिटचं बिल बघून चिऱ्याखाली सापडल्यासारखं होईल.

पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा एकदा वाका. रबरं बसतात, डबा दोन-तीन मिमी उतरतो. तेव्हाही शील्डपासून बोटभर अंतर हवं.

पाव्हणा मुंबईकर | १९ मे

तार काढायला गॅरेजमध्ये गेलो. तारेने सळई निम्मी कापलीय, करवतीसारखी. आणि फ्लेक्स पाइपच्या जाळीला केसाएवढी चीर. मेस्त्री, किती हजार झाले ते मोजा म्हणाला होतात: अकरा. घुमी मात्र टायरची नव्हती.

सुरंगी | १९ मे

कातळावरचा, ठक् गेला का ते सांगायचं राहिलं की!

कातळावरचा | १९ मे

गेला. पावसपासून रत्नागिरीपर्यंत सगळे स्पीडब्रेकर मुद्दाम जरा जोरात घेतले. बायको शेजारी होती, म्हणाली, 'कुठे होता आवाज?'

लोट्याचा रसायनी | २० मे

एक प्रयोग करा, फुकट आहे. पुढचं जे बरं निघालं त्या रबराचे तीन सारखे तुकडे कापा. एक पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात, एक तुमच्या पडवीतल्या कॅनमधल्या मिश्रणात. दहा दिवस.

कातळावरचा | ३० मे

लोणच्याच्या तीन बरण्या मागितल्यावर घरात पुन्हा जुनी चर्चा सुरू झाली. पण केला प्रयोग.

तिन्ही तुकडे २० मिमीचे कापले होते. साध्या पाण्यातला २०. मिठाच्या पाण्यातला २०, समुद्राचंच आणलं होतं. ऑईल-डिझेलमधला स्केलवर २२ च्या पुढे, आणि जाडीही वाढलेली. चिमटीत धरून पिळला तर कडा भुगा होऊन बोटाला लागल्या. पाण्यातला तुकडा पिळला तर उलट उडी मारून हातातून सुटला, तो फ्रिजखाली गेला, अजून तिथेच आहे.

लोट्याचा रसायनी | ३० मे

लांबीत दहा टक्के म्हणजे आकारमानात तेहतीस. गाडीखाली तर वरून सायलेन्सरची ऊब असते, तिथे याहून लवकर.

कुडाळी गजाली | १ जून

आंबे काढूक गावाक इलंय. काल गाडयेखाली शिरलंय. चारातली दोन रबरा फुगून भजी झाली हत. आजोबांच्या फोटोकडे बगलंय आणि काय बोलाक नाय. नवीन रबरा आणलंय. ऑईल मारतलंय, पण मेस्त्री सांगता तसा पेपर बांधून. पेपराचे किती पदर होये?

निवृत्त मेस्त्री | १ जून

दोन पदर, वरून प्लॅस्टिकची पिशवी, सुतळीने बांधा. आणि मारून झाल्यावर काढायला विसरू नका. गाडी चालू केलीत तर पेपर पेटेल.

कातळावरचा | ४ जून

आज सायलेन्सर खोलून सळईचं नवीन टोक वेल्ड करून आणलं. पडवीतला कॅन गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑईलच्या बॅरलमध्ये ओतला, भंगारवाला नेतो म्हणाला. हा तोच शॉकअपवाला. त्याला तिन्ही तुकडे दाखवले. फ्रिजखालचा काढला होता. त्याने तेलकट तुकडा बराच वेळ बोटात फिरवला, मग बाहेर उभ्या असलेल्या एका जीपखाली टॉर्च घेऊन गेला. दहा मिनिटं बाहेर आला नाही.